काटे सोबतच वर जातात, मीटर बदलू काय?

या महिन्यात पत्रं बरीच आली पण गंमत अशी का त्यातली चार मीटरचीच होती. पावसाळा उतरला का दरवर्षी असंच होते, पाणी जाते डॅशबोर्डात पावसाळ्यात अन काटे पागल होतात कापसाच्या सीझनला, जेव्हा गाडी उभी ठेवणं परवडत नाही. म्हणून यावेळी क्लच-ब्रेकची पत्रं बाजूला ठेवली, त्यांनी रागावू नये.

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी घाटंजी तालुक्यातला, माह्याकडे २०११ ची डिझेल पिकअप आहे, कापूस, सोयाबीन, कधी मंडपवाल्याचं सामान असं भाडं मारतो. पावसाळ्यापासून मीटरनं डोकं खाल्लं. चाबी लावली का डिझेलचा काटा अन टेम्परेचरचा काटा दोन्ही सोबतच वर जातात, हेडलाईट लावला का अजून वर. टाकीत पाचशेचं डिझेल अन काटा दाखवते पाऊण टाकी. परवा पांढरकवड्याहून येतांनी मधातच डिझेल संपलं, एअर काढता काढता अर्धी रात्र झाली. स्पीडचा काटा तर नाचतच राहते अन कर्र कर्र आवाज येते. काचेला चीर आहे. वायरमन म्हणते मीटर गेलं, बदलून टाक. नागपूरला कबाड्याकडे सेम टू सेम मीटर भेटून राहिलं पण त्याच्यावर १ लाख १२ हजार किलोमीटर आहे, माह्या गाडीचे २ लाख ८४ हजार झाले. घेऊ काय? घरी बसवता येते काय? अन किलोमीटरचं काय करू?

उत्तर : भाऊ, कबाड्याले सध्या "ठेवून दे" एवढंच सांगा, पैसे देऊ नका. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. एकच काटा खोटा दाखवत असता तर मी म्हटलं असतं टाकीचा फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा गोळा, पाहा नाहीतर इंजिनवरचा सेन्सर पाहा. पण एका काट्याची वायर येते टाकीतून अन दुसऱ्याची इंजिनच्या हेडजवळून, दोघांचा एकमेकाशी काही संबंध नाही, तरी दोन्ही सोबतच वर चढतात म्हणजे दोघांचं जे सामाईक आहे तिथं घोळ आहे. अन सामाईक काय, तर करंट अन अर्थ, म्हणजे करंट बॉडीकडं परत नेणारी वायर. वर हेडलाईट लावला का काटा अजून वर जाते हे तुम्ही लिहिलं, हे तर सगळ्यात कामाचं. हेडलाईटसोबत मीटरच्या आतले बल्ब लागतात, त्यांचा करंट परत जायचा रस्ता मीटरचीच अर्थ वायर, अन ती वायर धड नसली का त्या बल्बांचा भार काट्यांवर दिसते. माझा अंदाज दहातून आठ वेळा बरोबर येते, अर्थ गेली आहे.

दुसरी शक्यता आहे ती स्टॅबिलायझरची. जुन्या काट्यांच्या बऱ्याच मीटरांत मागच्या बाजूला एक छोटा पार्ट असते, गाडी चालू असतांनी बॅटरीचं व्होल्टेज १२ वरून १४ वर जाते, तो फरक काट्यापर्यंत पोचू नये म्हणून तो व्होल्टेज खाली आणून एकसारखं ठेवते. तो आतून चिकटला किंवा त्याची अर्थ सुटली का पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज काट्यांना भेटते अन सगळे काटे वर. पाहा, इथंही अर्थच आली.

आता तपासायचं कसं. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात भेटते, अन ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे तो असलाच पाहिजे असं माझं मत आहे, जॅकसारखा. डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन मीटरच्या कपलरमधल्या (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडातल्या) अर्थच्या वायरला, ती बहुतेक काळी असते. कपलर लावलेलाच ठेवायचा, चाबी ऑन, हेडलाईट ऑन. रिडिंग ०.१ च्या आसपास आलं तर अर्थ चांगली. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दाखवलं तर मीटर नाही गेलं, अर्थ गेली. मल्टिमीटर नसल तर हातभर वायर घ्या, एक टोक त्या काळ्या वायरला अन दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडाला नाहीतर डायरेक्ट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवा. काटे खाली उतरले का समजून जा.

ही अर्थ बॉडीला कुठं कसलेली असते तर क्लचच्या पायाकडल्या पत्र्याला, मॅटच्या वरच्या बाजूला, नाहीतर डॅशबोर्डाच्या आत फायरवॉलला, म्हणजे इंजिन अन केबिनच्या मधातल्या पत्र्याला. दोन्ही जागा पाण्याच्या. शेतातून चिखलाचे पाय घेऊन आपण चढतो अन समोरच्या काचेचं रबर बारा-चौदा वर्षांत कडक होते, उन्हाळ्यात चंद्रपूर-यवतमाळकडं पारा ४५ च्या वर जाते तिथं रबराचं काय होणार. पाणी रबरातून उतरते अन बरोबर त्या बोल्टवर थेंब थेंब पडते. बोल्ट काढा, खालचा पेंट अन गंज पॉलिशपेपरनं घासून लोखंड चकाकलं पाहिजे, वायरचा लग, म्हणजे टोकाची कडी, पण घासा, कसून लावा, मग वरून व्हॅसलीन नाहीतर ग्रीस. ग्रीस आधी नाही, नंतर.

अन उंदीर. गाडी गोठ्याजवळ उभी राहत असल तर हे वेगळं सांगायची गरज नाही. मागच्या डिसेंबरात एका गाडीचा डॅशबोर्ड खोलला तर मीटरच्या मागं सरकी-कापसाचं असं घरटं का गादीवाल्यानं केलं असं वाटावं, आत बारकी चार पिल्लं अन काळ्या वायरीचं कव्हर दोन इंच सोललेलं, तांबं हिरवं पडलेलं. त्या मालकानं त्याआधी दोन फ्लोट बदलून झाले होते.

बरं, अर्थ पण चांगली निघाली तर मग एकेका काट्याची परीक्षा घ्या. डिझेलच्या काट्याची अशी : टाकीवरचा कपलर काढा, चाबी ऑन करा, काटा एका टोकाला जाईल. मग मीटरकडून येणारी सेन्सरची वायर क्षणभर अर्थला टेकवा, काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. कोणतं टोक रिकाम्याचं अन कोणतं फुलचं हे गाडीगाडीत वेगळं, त्यात पडू नका, दोन्ही टोकाला जाते का एवढंच पाहायचं. जात असल तर मीटर अन वायर दोन्ही ठीक, दोष टाकीत. जास्त वेळ टेकवून धरू नका, जुना काटा आतून जळू शकते. अन पेट्रोल गाडीत हे काम टाकीच्या तोंडाशी करू नका, ठिणगी पडते.

टाकीतला फ्लोट खराब व्हायचं आपल्याकडलं एक खास कारण आहे. फ्लोटचा दांडा वरखाली होते तेव्हा एक बारीक पत्ती रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत जाते. आपण टाकी फुल करतो वर्षातून एकदा, लग्नाच्या वरातीला, बाकी टाईम पाचशेचं नाहीतर हजाराचं. म्हणजे पत्ती वर्षानुवर्षं त्याच खालच्या इंच-दोन इंचात घासते अन तेवढीच जागा झिजते. मग काटा फुलवर बरोबर दाखवते, अर्ध्यावर बरोबर दाखवते अन नेमकं पाव टाकीच्या खाली, जिथं त्याचं काम असते, तिथं उड्या मारते.

टेम्परेचरच्या सेन्सरचंही तसंच, वायर काढली का काटा थंडवर, अर्थला टेकवली का गरमवर, बहुतेक गाड्यांत असंच. एक गोष्ट मात्र पाहा, कोणी सेन्सर बदलतांनी पेचाला टेफ्लॉनचा टेप भरपूर गुंडाळला आहे काय. सेन्सरची अर्थ त्याच्या पेचातूनच इंजिनला जाते, टेप मधात आला का काटा कमी दाखवते, अन गाडी उकळली तरी मालकाला वाटते सगळं गार आहे. हेड गॅस्केट गेल्यावर समजते.

स्पीडच्या काट्याचं तुमचं दुखणं वेगळं आहे, त्याचा वरच्या कशाशी संबंध नाही. कर्र कर्र आवाज येते म्हणजे तुमच्या गाडीत केबल आहे, सेन्सर नाही. गिअरबॉक्सवरून ती येते, आतली तार फिरते, तिच्या टोकाला मीटरमध्ये चुंबक फिरते अन चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी असते, वाटीला काटा. चुंबक वाटीला हात लावत नाही, नुसतं ओढते, अन केसासारखी स्प्रिंग तिला मागं खेचते, एवढा साधा खेळ आहे. केबल कोरडी पडली का तार अडकत अडकत फिरते म्हणून काटा नाचते. केबल मीटरमागून सोडा, आतली तार ओढून काढा, फडक्यानं पुसा, सपाट फरशीवर लोळवून पाहा, कुठं वाकली असल तर तिथं उडी मारल, मग नवीनच टाका, महाग नाही. चांगली असल तर हलकं ग्रीस लावा पण वरचं वीतभर टोक कोरडं सोडा. सगळीकडं थापलं तर फिरता फिरता ग्रीस वर चढते अन मीटरच्या वाटीत जाते, मग काटा ६० वरच चिकटून बसते अन तुम्ही म्हणाल भाऊनं सांगितलं तसं केलं तरी मीटर गेलं.

आता काचेची चीर. हे मात्र खरं कारण होऊ शकते मीटर बदलायचं, कारण तिथून पाणी अन धूळ आत गेली असल. त्यासाठी मीटर बाहेर काढावंच लागते, अन ते घरी होते, घाबरू नका. पहिले बॅटरीचं निगेटिव्ह काढा. स्टिअरिंगच्या खाली दुपट्टा अंथरा, कारण एक तरी स्क्रू पडते अन तो पडला का डॅशबोर्डाच्या अशा भोकात जाते का आयुष्यभर खळखळत राहते. चौकटीचे स्क्रू, मग मीटरचे चार स्क्रू, कुठं तीन असतात. मीटर अंगाकडं ओढायचं पण बोटभरच, मागं केबल आहे. हात वरून घालायचा, केबलची क्लिप दाबून सोडायची, कपलरची खुंटी दाबून कपलर काढायचे. वायर धरून ओढू नका. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, कोणत्या रंगाचा कपलर कुठं.

मीटर पालथं करून उन्हात धरा. मागं पिवळट पातळ प्लास्टिकची पट्टी दिसते, त्यात तांब्याच्या रेषा, त्याच त्याच्या वायरी. पाणी गेलं असल तिथं रेषेवर हिरवट-पांढरी बुरशी दिसते. इरेजरनं, शाळेच्या पोराच्या रबरानं, हलक्या हातानं घासा. खाली तांबं शाबूत असल तर ते मीटर अजून पाच वर्षं चालते. रेषाच खाल्ली गेली असल अन तुटक तुटक दिसत असल तर बारीक वायरीनं डाग देऊन जोडता येते एखादी, पण चार-पाच ठिकाणी असल तर मीच सांगतो, बदला. ज्यांच्या मीटरात पट्टीऐवजी हिरवा बोर्ड आहे त्यांनी कपलरच्या पिना जिथं बोर्डाला डागल्या आहेत तिथं भिंगातून पाहावं, पिनेभोवती केसासारखा काळा गोल दिसला तर तो डाग सुटला आहे, खडबडीत रस्त्यावर काटे मरतात अन थाप मारली का जिवंत होतात ते यानंच. पुन्हा डाग दिला का झालं. आणि काच पेट्रोलनं नाहीतर थिनरनं पुसू नका कधीच, पांढरी धुकट होते, ओलं फडकं बस आहे.

समजा बदलायचंच ठरलं. "सेम टू सेम" हा शब्द कबाड्याच्या तोंडून ऐकला का मी एक पाऊल मागं सरकतो. समोरून सेम दिसणं काही कामाचं नाही, पालथं करून पाहा. मागं स्टिकरवर पार्ट नंबर असते तो तुमच्या मीटरशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. नसल दिसत तर कपलर किती अन पिना किती ते मोजा, केबलचं भोक आहे का नुसता सेन्सरवाला आहे ते पाहा. एकाच नावाची गाडी दहा-पंधरा वर्षं निघते पण आतलं बदलत जाते, १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हा धुराचा नियम आला अन २०२० पासून बीएस-६, त्या प्रत्येक वेळी वायरिंग बदललं. तुमच्या २०११ च्या गाडीत २०१८ चं मीटर, चेहरा तोच असला तरी, नुसतं कपलर लावून चालत नाही. आणि फ्लोटचा रेझिस्टन्स काट्याशी जुळावा लागते, नाही जुळला तर नवीन मीटरही जुन्यासारखंच खोटं दाखवल. मोठ्या ट्रकचं २४ व्होल्टचं मीटर कोणी गळ्यात मारत असल तर अर्थातच नाही.

लावल्यावर गाडी लगेच चालू करू नका. चाबी फक्त ऑन करा, ऑइलचा लाल दिवा अन बॅटरीचा लाल दिवा दोन्ही लागले पाहिजेत, अन इंजिन चालू झालं का दोन्ही विझले पाहिजेत. पहिल्यांदा लागलेच नाहीत तर विझण्याला काही अर्थ नाही. ऑइलच्या दिव्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. बॅटरीच्या दिव्याचं नाही, अन मलाही नव्हतं. धंद्यात नवीन होतो तेव्हाची गोष्ट, एका संत्र्याच्या गाडीला जुनं मीटर बसवलं, बॅटरीच्या दिव्याचा बल्ब उडालेला होता, मी म्हटलं एक बल्ब तर आहे, नंतर टाकू. गाडी वरुडहून माल भरून निघाली अन रात्री मधातच लाईट पिवळे पडत पडत बंद. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामोला पहिला करंट त्याच बल्बातून भेटते, त्या करंटावर तो जागा होते अन मग स्वतःचं स्वतः चार्जिंग करते. बल्बच नाही तर तो झोपलेलाच. कधी कधी जोरात रेस केली का उठते, कधी नाही उठत. म्हणून मीटर बसवल्यावर इंजिन चालू करून बॅटरीवर मल्टिमीटर लावा, १३.८ ते १४.४ च्या मधात दिसलं पाहिजे. १२.५ वर बसून असल तर मीटर काढा अन तो बल्ब पाहा. संत्र्याचं भाडं मी त्या मालकाकडून कापून घेतलं असं समजा, म्हणजे त्यानं माझ्याकडून.

किलोमीटरचं. तुमच्या पत्रातला हा प्रश्न मला आवडला, बरेच जण विचारतच नाहीत, १ लाख १२ हजाराचं मीटर लागलं तर मनातल्या मनात खूश होतात. आकड्यांच्या फिरत्या चाकांचं मीटर असल तर चांगला मीटर-मिस्त्री तुमच्या जुन्या मीटरचा स्पीडचा भाग उचलून नव्या चौकटीत बसवते, म्हणजे २ लाख ८४ हजारच राहतात अन बाकीचे काटे, काच नवीन. डिजिटल असल तर आकडा बोर्डावरच्या आठ पायाच्या एका बारक्या चिपमध्ये असते, ती चिप जुन्या बोर्डावरून नव्यावर डागून देतात. हे दोन्ही नाही जमलं तर बिलावर लिहून घ्या, "मीटर बदलले, जुने वाचन २,८४,०००, नवीन वाचन १,१२,०००, तारीख", दुकानाचा शिक्का, अन दोन्ही मीटरचे फोटो. ते बिल आरसी बुकासोबत ठेवा अन गाडी विकली तर घेणाऱ्याच्या हातात द्या. लपवून विकली तर ती फसवणूक झाली, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते मीटरलाही लागते. तुमच्यासाठी पण कामाचं आहे ते बिल, ऑइल कधी बदलायचं, टायमिंग बेल्ट असल तर तो कधी, हे आता १ लाख ७२ हजाराचा फरक मिळवून मोजावं लागल.

अन पिवळी पाटी आहे म्हणजे गाडी आठ वर्षांच्या वर गेल्यानं तुम्हाला दरवर्षी फिटनेस लागते. त्यात डॅशबोर्ड अन स्पीडोमीटर दोन्ही तपासणीत आहेत, स्पीडोमीटर गाडीला असलाच पाहिजे हा मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम आहे. केबल तेवढी आधीच करून घ्या.

प्रश्न : दादा, आम्ही सेलू तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. दूध अन भाजी वर्ध्याला न्यायला जुनी पिकअप पाहून राहिलो. २०१४ ची आहे, आधी दुधाच्याच लाईनवर होती म्हणतात. मीटरवर फक्त ६८ हजार आहे. विकणारा म्हणते गाडी बसूनच होती. माझ्या मिस्टरांना पटलं पण मला नाही पटत. मीटर बदललं का हे आम्हाला कळल काय?

उत्तर : ताई, तुमचं डोकं बरोबर चालून राहिलं. हिशेब तुम्हीच करा, दुधाची गाडी रोज ८० किलोमीटर धरा, वर्षाचे ३०० दिवस धरा, दूध कोणी रविवारी बंद ठेवत नाही तरी ३००, तर वर्षाचे २४ हजार होतात अन दहा वर्षांचे २ लाख ४० हजार. दुधाच्या लाईनवर होती अन बसून पण होती हे दोन्ही खरं कसं.

पण लगेच चोर म्हणू नका. काही जुन्या मीटरांत आकडे पाचच असतात, ९९,९९९ झाले का पुन्हा शून्यापासून सुरू. शेवटचं पांढरं किंवा लाल चाक शंभर-शंभर मीटरचं असते ते धरू नका, बाकी मोजा. पाचच असतील तर ६८ हजार म्हणजे १ लाख ६८ हजार नाहीतर २ लाख ६८ हजार असू शकते, अन ते लपवणं नाही, मीटरच तसं आहे.

सहा आकडे असतील तर मात्र वाकून पाहा. मीटरच्या चौकटीच्या स्क्रूचे डोके घासलेले, चकाकते आहेत काय. कंपनीतून आल्यावर कोणी हात लावला नसल तर स्क्रूच्या खाचेत धूळ जाम बसलेली असते. आकडे एका ओळीत आहेत का एखादं चाक थोडं वर-खाली बसलं. मग क्लच अन ब्रेकच्या पेडलचं रबर पाहा, ६८ हजाराला रबराची नक्षी दिसते, अडीच लाखाला मधात गुळगुळीत होते अन कडेनं लोखंड निघते. रबर एकदम कोरं असल तर विचारा की काऊन बदललं. स्टिअरिंगवर जिथं उजवा हात बसते तिथं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडली कड, गिअरचा गोळा. अन सगळ्यात सोपं म्हणजे दारात नाहीतर बोनेटच्या खाली ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर राहिलेलं असते, त्याच्यावर किलोमीटर लिहितात, ते काढायचं विसरतात. विकणाऱ्याला शांतपणे म्हणा, मीटर काढून मागचं स्टिकर दाखव. गाडी २०१४ ची अन मीटरच्या स्टिकरवर त्यानंतरचं वर्ष असल तर मीटर बदललं आहे, मग बिल माग, बिल असल तर काही हरकत नाही. तो मीटर काढू देत नसल तर चहा पिऊन परत या.

आणि किंमत मीटर पाहून करू नका, कम्प्रेशन पाहून करा, ऑइलचं झाकण काढून इंजिन चालू असतांनी धूर किती फेकते ते तुमच्या गावच्या मिस्त्रीला पाहायला लावा. अडीच लाख चाललेली पण ऑइल वेळेवर बदललेली गाडी मी डोळे मिटून घेईन.

प्रश्न : मीटर नवीन टाकलं तरी स्पीड कमी दाखवते. मीटर ६० अन मोबाईलचा जीपीएस ६४. दुकानदार म्हणते जीपीएस खोटं आहे. टायर मागच्या वर्षी मोठे टाकले, लोड जास्त भरतो म्हणून. — हिंगणघाटचे एक वाचक

उत्तर : जीपीएस खरा आहे, मीटरही खरं आहे, टायर मोठे आहेत. मीटर टायर पाहत नाही, गिअरबॉक्सचे फेरे मोजते. टायरची उंची ७० सेंटिमीटर होती ती ७५ झाली तर प्रत्येक फेऱ्याला गाडी सात टक्के जास्त पुढं जाते, ६० चे ६४ बरोबर निघतात. कंपनी मीटर नेहमी थोडं जास्तच दाखवतं ठेवते, त्यामुळं कमी दाखवणारं मीटर दिसलं का पहिले टायर पाहायचे. मोबाईलवर विश्वास नसल तर नागपूर-हैदराबाद रोड तुमच्या दाराशीच आहे, ४४ नंबरचा, पहाटे रिकाम्या रस्त्यावर काटा ६० वर धरा अन सोबतच्या पोराला एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंतचा टाईम घ्यायला लावा. ६० सेकंद लागले तर ६०, ५६ लागले तर ६४. केबलच्या गाडीत गिअरबॉक्सकडलं प्लास्टिकचं छोटं गिअर वेगळ्या दातांचं भेटलं तर फरक निघते, नाही भेटलं तर डोक्यात चार मिळवा. लोडबद्दल तुम्ही विचारलं नाही म्हणून मी बोलत नाही, पण मागचे पाटे एकदा पाहून घ्या.

प्रश्न : मीटरच्या आतले सगळे बल्ब काढून निळे एलईडी टाकले, भारी दिसते, पण तेव्हापासून बॅटरी उतरून राहिली. — दर्यापूर तालुका

उत्तर : वरचं संत्र्याच्या गाडीचं वाचा. बॅटरीच्या दिव्याच्या जागी जुना साधा बल्बच परत टाका, जेवढ्या वॅटचा होता तेवढ्याच वॅटचा, एलईडीतून डायनामोला पुरेसा करंट जात नाही. बाकीचे निळे राहू द्या, फक्त हाय बीमचा दिवा पण निळाच असते तो आता त्या निळ्यात दिसल का तेवढं रात्री गाडी उभी करून पाहा.